हॉप्सच्या नावाआधी पाकिटावरचं साल वाचा

पेल एल या फिकट बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे एका वेलाची सुकवलेली फुलं, दोन वेळा पडतात. वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून सुकवलेल्या धान्याचं) गोड पाणी, उकळताना घातलेले हॉप्स कडवटपणा देतात. आंबवण संपत आल्यावर न उकळता घातलेले हॉप्स मुख्यतः वास देतात आणि याला ड्राय हॉपिंग म्हणतात. त्याबद्दल किनारपट्टीच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी दमट हवा, उष्णता आणि हॉप्सचा ताजेपणा हे तीन विषय अनेक उत्तरांत आले.

देवगड : घरी वीस लिटर पेल एल करून बघायची आहे. सगळं सामान घरपोच मिळतं. मग करायला हरकत आहे का?

हरकत आहे. सामान विकत मिळतं म्हणून परवानगी मिळत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि पिण्याचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. गोव्यातही मद्यनिर्मितीसाठी अबकारी खात्याचा परवाना लागतो. पुढची उत्तरं परवानाधारक मायक्रोब्रुअरीत चाचणीचे छोटे घाणे काढणाऱ्यांसाठी आहेत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत घरगुती बिअरला मुभा आहे, तिथे राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आपल्या लोकांसाठीही ती आहेत. देवगडातच बसून हॉप्सची ओळख करून घ्यायची असेल तर शेवटचा प्रश्न वाचा. त्यात यीस्टही घालायचं नाही आणि मद्यही नाही.

चिपळूण : मुलाकडे मेलबर्नला निघाले आहे. तो घरी पेल एल करतो. तिथल्या दुकानात हॉप्सच्या तीस-चाळीस जाती दिसतात. आंब्याच्या वासाच्या जवळ जाणारी कोणती?

पाकीट हातात घेतलं की आधी ते उलटं करून सुगीचं साल बघा. अमेरिका-युरोपात हॉप्स ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतरतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. त्यामुळे मेलबर्नला जून-जुलैत तिथल्याच मातीतला नवा माल मिळतो. पाकीट चंदेरी, हवाबंद आणि दुकानाच्या फ्रिजमधलं असावं. आतल्या पेलेट्स (दळून दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या) हिरव्या हव्यात. पिवळट-तपकिरी पडलेल्या पेलेट्स घेऊ नका, मग त्या कितीही नावाजलेल्या जातीच्या असोत. यंदाच्या साध्या कॅस्केडने केलेली बिअर तीन वर्षं शेल्फवर पडलेल्या सिट्राच्या बिअरपेक्षा नक्की सरस होते.

पाकिटावरच्या अल्फा आम्लाच्या टक्केवारीवर ड्राय हॉपिंगसाठी फारसं अवलंबून राहू नका. तो आकडा उकळताना येणाऱ्या कडवटपणाचा आहे. वासासाठी तेलाचं प्रमाण महत्त्वाचं, आणि ते दर शंभर ग्रॅमला किती मिलिलिटर असं मोजतात. सिट्रात ते कॅस्केडपेक्षा सहसा बरंच जास्त असतं, म्हणून सिट्रा कमी पुरतो.

आता जाती. कॅस्केड १९७२ साली अमेरिकेत आला आणि अमेरिकन पेल एलची चव त्यानेच घडवली. त्याला पपनसाच्या सालीचा आणि फुलांचा वास आहे. सेंटेनियल त्याच वळणाचा, पण अधिक ठसठशीत आणि लिंबाकडे झुकणारा. सिट्रामध्ये आंबा, लिची आणि लिंबाची साल येते. मोझॅक २०१२ मध्ये बाजारात आला. तो सिमकोचा वंशज आहे. त्यात आंब्यासोबत जांभळ्या बेरीजचा आणि थोडा चिडाच्या लाकडाचा वास असतो. उशिरा तोडलेल्या मालात मात्र कांदा-लसणाची झाक येते, म्हणून पाकीट उघडल्यावर नाकाशी धरल्याशिवाय मोझॅक ओतू नका. सिमको राळेच्या वासाचा. न्यूझीलंडचा नेल्सन सोविन पांढऱ्या द्राक्षांचा. इंग्लंडचा गोल्डिंग्ज यांत सर्वांत सौम्य, मातकट आणि मधाळ. इंग्लिश धाटणीच्या पेल एलला आजही त्याच्याइतका शोभणारा दुसरा नाही. ऑस्ट्रेलियाचा गॅलॅक्सी पॅशनफ्रूट आणि पीचचा. तो फार जोरकस आहे आणि जास्त झाला तर घशाला खरखर लावतो.

आंब्यासाठी वीस लिटरला सिट्रा ५० ग्रॅम आणि कॅस्केड ३० ग्रॅम घ्या. ताजा गॅलॅक्सी मिळाला तर तो ३० आणि कॅस्केड ४०. दोन जाती पुरेत. चार-पाच घातल्या की एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. पहिला घाणा तर एकाच जातीचा केलेला चांगला.

अपेक्षा मात्र नेमकी ठेवा. पेल एलमध्ये आमरसाचा गोडवा नसतो, त्यामुळे येणारा वास पिकल्या हापूसच्या फोडीपेक्षा कैरीचा देठ मोडल्यावर सुटणाऱ्या तीव्र वासाकडे जातो. दोन्ही वास टर्पीन या वासाच्या द्रव्यांच्या घराण्यातलेच. हॉप्सच्या तेलातलं मिरसीन आंब्याच्या अनेक जातींतही सापडतं. मुलाला एवढं सांगा की क्रिस्टल माल्ट हात राखून घाल. साडेचार किलो पेल माल्टला २०० ग्रॅम पुष्कळ. त्याहून जास्त घातला तर करपल्या साखरेचा वास हॉप्सवर चढतो.

रायगड जिल्हा : परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करतो. वीस लिटरचे चाचणी घाणे करतो. हॉप्स किती, कधी आणि किती दिवस? जुन्या पाककृतींत दहा-चौदा दिवस दिलेले असतात.

दहा-चौदा दिवस विसरा. पेलेट्समधली तेलं एक-दोन दिवसांत बिअरमध्ये उतरतात. त्यानंतर चहा जास्त वेळ उकळल्यासारखा तुरटपणा आणि गवताचा वास उतरत राहतो. दोन ते तीन दिवस योग्य, चौथा दिवस ही हद्द. अख्ख्या सुक्या फुलांना थोडा जास्त वेळ लागतो, कारण ती तरंगतात.

प्रमाण पेल एलसाठी लिटरला ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला ६० ते १०० ग्रॅम. ओरेगॉन स्टेट विद्यापीठात कॅस्केडवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात लिटरला १६ ग्रॅमपर्यंत हॉप्स घालून पाहिले. सुमारे ८ ग्रॅमनंतर लिंबूवर्गीय वास वाढेना, उलट पालेभाजी आणि चहाकडे जाणारा वास वर आला. पेल एलला ८ ग्रॅमचीही गरज नाही. शिवाय हॉप्स पीएच थोडा वर नेतात. लिटरला चार ग्रॅमला साधारण ०.१ धरा. पीएच ४.६ च्या वर गेला की बिअर बोथट आणि कडवट लागते. लिटरला चार ग्रॅम घातल्या तर वीस लिटरमागे अर्धा-पाऊण लिटर बिअर पेलेट्स शोषून घेतात, तीही हिशेबात धरा.

वेळ ठरवताना बिअर बाटलीत जाणार की केगमध्ये (धातूच्या बंद पिंपात) हे पाहा. बाटलीत साखर घालून वायू भरायचा असेल, तर हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) अंतिम आकड्याच्या तीन-चार अंक वर असताना, समजा १.०१६ ला, हॉप्स घाला आणि तापमान १८-२० अंशांवरच ठेवा. यीस्ट जागं असल्याने हॉप्सबरोबर शिरलेला प्राणवायू ते खाऊन टाकतं. थोडा वास बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर जातो. तो गेलेला परवडला. केगमध्ये थंड राहणारी बिअर असेल, तर आंबवण पूर्ण होऊ द्या, बिअर एक दिवस १४-१५ अंशांवर ठेवून यीस्ट खाली बसवा आणि मग हॉप्स घाला. यात वास अधिक स्वच्छ येतो, पण कार्बन डायऑक्साइडची टाकी हाताशी हवी.

हॉप्स उकळून निर्जंतुक करू नका. मद्य, कमी पीएच आणि हॉप्सचे स्वतःचे जंतुरोधक गुण एवढं पुरतं. निर्जंतुक करायची ती पिशवी, कात्री आणि वजन. मलमलीची पिशवी ढगळ घ्या, कारण पेलेट्स फुगून अनेक पट जागा घेतात. घट्ट पिशवीत गोळा मधोमध कोरडाच राहतो. आत स्टेनलेस स्टीलचा जड तुकडा टाका म्हणजे पिशवी बुडेल. पिशवी वापरली तर हॉप्स दहा टक्के जास्त धरा. रोज एकदा झाकण न उघडता भांडं हलकंसं घोळवा. शेवटी २-३ अंशांवर २४ ते ३६ तास ठेवा, पेलेट्सचा चोथा तळाशी बसतो.

मोठ्या टाकीसाठी एक धोक्याची गोष्ट. टाकीत दाब किंवा विरघळलेला वायू असताना वरचं तोंड उघडून पेलेट्स ओतू नका. कोरड्या पेलेट्स पडताच वायू एकदम सुटतो आणि फेसाचं कारंजं छतापर्यंत जातं. दाब आधी पूर्ण उतरवा, हॉप्स थोडे थोडे टाका, चेहरा झाकणावर नेऊ नका.

रत्नागिरी : पुस्तकांत दिलेलं असतं, फर्मेंटरला (आंबवायच्या भांड्याला) ओलं फडकं गुंडाळा आणि पंखा लावा. मे महिन्यात आपल्याकडे त्याने काम भागेल का?

नाही. ओलं फडकं पाण्याच्या बाष्पीभवनावर गार होतं आणि किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर फडकं जास्तीत जास्त २८ अंशांपर्यंत उतरतं. घाटावर ३७ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत तेच फडकं २० अंशांपर्यंत जाऊ शकतं. त्यात आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतली बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरमच राहते. नेहमीच्या अमेरिकन एल यीस्टला ३० अंशांवर ठेवलंत तर सॉल्व्हंटसारखा वास आणि डोकेदुखी आणणारी जड अल्कोहोलं तयार होतात. वर कितीही सिट्रा घातला तरी ती झाकली जात नाहीत.

जुना फ्रिज आणि बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक हा खात्रीचा उपाय. सेन्सर हवेत लोंबता ठेवू नका. फर्मेंटरच्या बाजूला चिकटवून वर थर्मोकोलचा तुकडा लावा. १९ अंश लावा, फरक अर्धा अंश, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा पाच मिनिटांचा. वीज जाते-येते तेव्हा हाच थांबा कॉम्प्रेसर वाचवतो.

दुसरा मार्ग नॉर्वेच्या क्वाइक यीस्टचा. त्यातलं व्हॉस ३५-४० अंशांवरही स्वच्छ काम करतं आणि तीन-चार दिवसांत आंबवण उरकतं. त्याला यीस्टचं खाद्य मात्र लागतं, आणि ते स्वतःचा संत्र्याचा वास देतं. म्हणून त्याच्यासोबत कॅस्केड किंवा सेंटेनियल निवडा, राळेचा सिमको नको. आंबवण ३५ अंशांवर झाली तरी ड्राय हॉपिंग त्या तापमानाला करू नये. बिअर आधी विशीत आणा.

दापोली, सध्या लीड्स : साखर तोलून घातली, तरी तीन आठवड्यांनी बाटल्या उतू गेल्या. लोणी लावलेल्या पॉपकॉर्नसारखा वासही येतो. ड्राय हॉपिंग न केलेल्या घाण्याला असं कधी झालं नव्हतं.

शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. यीस्टला न खाता आलेल्या लांब साखळीच्या साखरा ती तोडतात आणि थांबलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं. इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे नोंदवलं होतं. आज त्याला हॉप क्रीप म्हणतात. आकड्यात पाहा : घनता १.०१२ वरून बाटलीत १.००९ ला उतरली तर प्रत्येक अंकामागे सुमारे अर्धा व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू), म्हणजे एकूण दीड व्हॉल्यूम वायू जादा. तुम्ही २.४ साठी साखर घातलीत आणि बाटलीत झाले जवळजवळ ४. साधी काच एवढ्यात फुटू शकते. उरलेल्या बाटल्या आत्ताच फ्रिजमध्ये ठेवा, हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून.

पुढच्या वेळी हॉप्स घातल्यावर तापमान १८-२० अंशांवर ठेवून घनता रोज मोजा. लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही, तरच थंड करा आणि बाटलीत भरा. हॉप्स तीन दिवसांनी बाहेर काढता आले तर काढा; बिअर तशीच थांबू दे. लोण्याचा वास डायअसेटिलचा, तोही याच नव्या आंबवणीतून आला. भरण्याआधी चाचणी करा : झाकलेल्या पेल्यात थोडी बिअर ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. लोण्याचा वास आला तर आणखी दोन-तीन दिवस द्या, यीस्ट तो स्वतः शोषून घेतं. साखर लिटरला ६ ग्रॅम, वीस लिटरला १२० ग्रॅम ठीक आहे. ती कमी करून हॉप क्रीप आवरता येत नाही, कारण घनता किती उतरेल हे आधी कळत नाही.

वेंगुर्ले, सध्या ऑकलंड : सोनेरी बिअर दोन आठवड्यांत तपकिरी झाली. वास गेला, ओल्या पुठ्ठ्याची चव आली.

प्राणवायू शिरला. भरपूर हॉप्सची बिअर याबाबतीत सर्वांत नाजूक असते. बहुधा बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना किंवा बाटली भरताना हवा मिसळली. ड्राय हॉपिंगसाठी दुसरं भांडं घेऊच नका, आहे त्याच फर्मेंटरमध्ये हॉप्स टाका. थंड करताना बिअर आक्रसते आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढते. त्या जागी आंबवणीच्या वेळीच वायूने भरून ठेवलेला फुगा लावा. बाटली नळीने तळापासून भरा, मानेत दोन बोटं जागा सोडा आणि फेस तोंडापर्यंत आल्यावर बूच लावा. वायू धरल्यावर बाटल्या थंडीत ठेवा. दर दहा अंशांना बिअर जुनी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो.

मालवण : हॉटेलच्या ब्रुअरीत फ्रीझर आहे, पण पावसाळ्यात वीज सहा-सात तास जाते. उरलेल्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येऊ लागला.

तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास, म्हणजे हॉप्स हवेने खराब झाले. ते ड्राय हॉपिंगला घेऊ नका. वीज जाणं हे इथलं मुख्य कारण नाही. भरलेला, बंद ठेवलेला फ्रीझर सहा-सात तास सहज तग धरतो. कारण आहे उघडलेलं पाकीट. पाकीट फ्रीझरमधून काढून लगेच फोडलं की मालवणच्या हवेतलं बाष्प थंड पेलेट्सवर दवासारखं बसतं, आणि पुन्हा मिटलं की आत हवा आणि पाणी दोन्ही राहतात. बंद पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. एक किलोचं पाकीट आणलं तर पहिल्याच दिवशी १०० ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करा, वर तारीख आणि सुगीचं साल लिहा आणि उणे १८ अंशांत ठेवा. फ्रीझरच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा, वीज गेल्यावर त्या गारवा धरून ठेवतात. पेलेट्स दमट होऊन गोळा झाला असेल किंवा बुरशी दिसली, तर थेट फेकून द्या.

सावंतवाडी : मिरवेलीसारखा हॉप्सचा वेल परसात लावता येईल का?

वेल वाढेल, फुलं जवळजवळ येणार नाहीत. हॉप्सना उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते, म्हणून ते साधारण ३५ ते ५५ अक्षांशांत पिकतात. सावंतवाडी १६ अंशांवर आहे आणि इथला सर्वांत मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा. भारतात हॉप्स झाले ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. परसातली जागा मिरीलाच ठेवा.

अलिबाग : वापरलेल्या हॉप्सचा चोथा माडाच्या आळ्यात टाकला तर चालेल?

कुत्रा फिरकणार असेल तर मुळीच नाही. हॉप्स, ताजे असोत वा वापरलेले, कुत्र्यांना विषारी आहेत. अंगाचा ताप झपाट्याने वाढतो आणि कुत्रं काही तासांत दगावू शकतं. चोथा खोल पुरा किंवा झाकणाच्या खतपेटीत टाका. कुत्र्याने खाल्लाच तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

देवगड आणि हर्णै : मद्य न करता हॉप्सचा वास अनुभवायचा काही मार्ग?

आहे, आणि कोकम त्यात छान बसतं. मीठ न लावलेली सुकी कोकमं ५० ग्रॅम घ्या. आगळ नको, त्यात मीठ असतं. एक लिटर पाणी उकळून उतरवा, कोकमं टाका आणि झाकून ठेवा. पाणी ७५-८० अंशांवर आलं की पीएचची पट्टी बुडवा. ४ च्या खाली हवा. नसेल तर लिंबू पिळा. हा क्रम सोडू नका, कारण आंबट पाण्यात हॉप्सचा तुरटपणा कमी उतरतो आणि कमी पीएच अर्काला सुरक्षितही ठेवतो. आता सिट्रा किंवा कॅस्केडच्या ८ ग्रॅम पेलेट्स टाकून पंधरा मिनिटं झाका. ढवळत बसू नका आणि पुन्हा उकळू नका. उकळलं की अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि पेय कडू होतं. दुहेरी मलमलीतून गाळा, पिळू नका, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच गार करा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचा नितळ, गुलाबी अर्क हळूच ओतून घ्या.

एक भाग अर्काला चार भाग थंडगार सोडा, चवीला साखर पेल्यातच. गोटी सोडाही चालतो. अर्क थेट सोडा मशीनमध्ये घालू नका, फेस बाहेर येतो.

हा अर्क फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो. साखर घालून, बूच लावून बाहेर ठेवू नका. कोकमाच्या सालीवरचं रानटी यीस्ट सगळं मरतंच असं नाही, आणि आपल्या हवेत ते दोन दिवसांत जागं होतं. झाकण उघडताना वायूचा आवाज आला किंवा पृष्ठभागावर फेसाचं कडं दिसलं, तर चव न घेता ओतून टाका.